टोकन लावलेले मासे

मी मासळी खात्यात नोकरी केली असं सांगितलं की समोरचा विचारतो, "म्हणजे रत्नागिरीला होता का?" मी म्हणतो, "नाही, चाकणला." मग तो जरा काळजीने माझ्याकडे पाहतो. चाकणला समुद्र नाही हे मला ठाऊक आहे की नाही, असा प्रश्न त्याच्या चेहऱ्यावर दिसतो. मला ठाऊक होतं. माझी बदली ज्यांनी केली त्यांना ठाऊक होतं का, हे विचारायचं मात्र राहून गेलं.

कचेरी म्हणजे कांद्याच्या वखारीला लागून दीड खोली होती. फायलींना, खुर्चीला आणि शेवटी मलाही कांद्याचा वास येऊ लागला. सुट्टीत वेंगुर्ल्याकडे घरी गेलो की आई सदरा हुंगायची आणि शेजारणीला सांगायची, "ह्यो कसलो माशांचो सायब? अंगाक साधो बांगड्याचो वास नाय." सात पिढ्या मासेमारीतल्या घराण्याचा मी पहिला सरकारी नोकर, आणि घराची अब्रू अशी कांद्यात गेली.

काम तसं साधं होतं. पावसाळ्यात माशांची पिल्लं, ज्यांना आम्ही बीज म्हणतो, डब्यांतून आणून गावोगावच्या तळ्यांत सोडायची. इंद्रायणीवर आणि भामा नदीवर जाळी टाकणाऱ्या भोई मंडळींना परवाने द्यायचे, त्यांची सोसायटी धड चालते का पाहायचं, आणि सुरुंग लावून मासे मारणाऱ्यांच्या मागे सायकलवरून धावायचं. सुरुंगवाल्यांकडे मोटारसायकल असे, त्यामुळे या शेवटच्या कामातून मला व्यायाम तेवढा झाला.

कचेरीत येणाऱ्यांत एकेक नग होते. चिंचवडचे एक निवृत्त हेडक्लार्क आले आणि म्हणाले, "तुमच्या तळ्यात तो गवत खाणारा मासा सोडलाय ना, तो शाकाहारी आहे असा दाखला द्या. सोमवारी खाता येईल." मी म्हटलं, बकरीही गवतच खाते. त्यावर ते रागावून उठले आणि दारातून परत येऊन म्हणाले, "बकरीचं खातं वेगळं आहे." पिंपरीच्या एका फोरमनने डासांवर उपाय म्हणून घरच्या आडात मासे सोडले. वर्षभराने तो तक्रार घेऊन आला. बायकोला माशांचा लळा लागला होता आणि ती आडाचा गाळ काढू देत नव्हती.

ही सगळी गंमत झाली. पण नोकरीत एकदाच माझी झोप उडाली होती, ती आसरांच्या डोहामुळे.

निघोज्याच्या वरच्या अंगाला इंद्रायणी एका कातळाला वळसा घालते. तिथे खोल डोह आहे. काठावर शेंदूर फासलेले सात दगड, म्हणजे साती आसरा, पाण्याच्या देवी. त्या डोहात कुणी जाळं टाकत नसे, गळ टाकत नसे. बाया लाह्या घेऊन यायच्या, आणि लाह्या पडल्या की पाणी उकळल्यासारखं व्हायचं. माझ्या मांडीएवढे महाशीर वर येऊन तोंड उघडायचे. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मी चप्पल काढून काठावर बसलो आणि अर्धा दिवस उठलोच नाही. त्या दिवसाची दैनंदिनी मी 'पाहणी' अशी भरली, आणि ती खोटी नव्हती.

खाली निघोज्याकडच्या भोयांची सोसायटी होती. चेअरमन बबनराव भोई, पिळदार मिशीचा, सरळ बोलणारा माणूस. एक दिवस तो कचेरीत आला आणि उभ्यानेच बोलू लागला.

"सायेब, आमच्या जाळ्यात शेवाळ, अन् देवीच्या डोहात मणामणाचे मासे. आमची पोरं नदी सोडून कंपनीच्या गेटावर हेल्पर म्हनून उभी ऱ्हायल्यात. देवी काय कालवण करती का? डोह खुला करा. आमचा ठराव झाल्यात जमा हाय."

त्याचं चूक नव्हतं. माणूस उपाशी राहून पुण्य करीत नाही. पुण्याच्या वरिष्ठांचंही मत तेच होतं. सोसायटीचा ठराव आला की डोह खुला करा, श्रद्धा हा आपल्या खात्याचा विषय नाही, असं त्यांनी मला तोंडी सांगून टाकलं होतं.

माझा जीव वेगळ्याच कारणाने तुटत होता. आमच्या गावासमोर समुद्रात एक मोठा खडक आहे. तो राखणदाराचा, म्हणजे गाव राखणाऱ्या देवाचा. त्याच्या भोवती जाळं मारायचं नाही असा गावचा कायदा, आणि तो मोडायची छाती कुणाला नव्हती. पण त्या खडकाची हद्द जिथे संपते तिथे होड्यांची रांग लागलेली असे, कारण सगळ्यांत चांगली मासळी तिथेच मिळायची. लहानपणी मी वडिलांना विचारलं होतं, एवढे मासे खडकापाशी आहेत तर तिथेच का नाही पकडायचे? ते म्हणाले, "आतले आपले न्हय. भायर येतले ते आपले."

पुढे खात्याच्या प्रशिक्षणात त्याचं कारण कळलं. लहान मादीपेक्षा म्हाताऱ्या, जाड मादीच्या पोटात कितीतरी पट अंडी असतात. आपण जाळ्यात नेमक्या या आजीबायाच आधी उचलतो. एखादी जागा अशी ठेवली की जिथे त्यांना कुणी हात लावत नाही, तर त्या जागेत एवढी पिल्लावळ होते की जागा पुरत नाही. चाळीतल्या एका खोलीत कुटुंब वाढलं की धाकटे बाहेर खोली शोधतात, तसेच मासे बाहेर पडतात आणि आजूबाजूच्यांच्या जाळ्यात येतात. समुद्राला लागू तेच नदीला. बबनरावाच्या जाळ्यात जे थोडंफार येत होतं, ते डोहातूनच येत होतं. डोह उपसला असता तर एक हंगाम चंगळ झाली असती, आणि नंतर शेवाळसुद्धा महाग झालं असतं.

हे मी बबनरावाला सांगितलं. तो मिशीवरून हात फिरवत म्हणाला, "दावा."

"काय?"

"आमच्या जाळ्यात येतो त्यो मासा डोहातला हाय, हे दावा. त्याच्या पाठीवर लिवलंय का?"

मला राग आला, आणि रागात मी नेहमी जास्तीचं बोलतो. मी म्हटलं, "लिहून दाखवतो. डोहातल्या माशांना खूण करतो. पोळ्यापर्यंत तुमच्या जाळ्यात एकही खुणेचा मासा आला नाही, तर डोहात पहिलं जाळं मी स्वतः टाकीन."

"सबूद?"

"शब्द."

तो गेल्यावर मी काय बोलून बसलो ते कळलं. ते पाणी उकळल्यासारखं होणं, ती उघडी तोंडं, आणि त्यांच्यावर जाळं टाकणारा मी, हे चित्र डोळ्यांसमोरून हलेना. आई म्हणाली असती, कांद्याच्या वासाचाच साहेब बरा होता.

खुणा करायच्या कशाने? इथे गायकवाड आठवला. गायकवाड पिंपरीच्या एका कंपनीत टूलरूमला फिटर होता. त्याची माझी ओळख मी त्याला पकडलं तेव्हाची. गुरुवारी, म्हणजे कारखान्यांच्या सुट्टीच्या दिवशी, तो परवाना नसताना गळ टाकून बसला होता. मी दंडाची भाषा केली, त्याने डब्यातली चटणी-भाकरी पुढे केली, आणि प्रकरण दोस्तीवर मिटलं. चिखलीला त्याचं पत्र्याचं छोटं वर्कशॉप होतं. फर्स्ट शिफ्ट सुटली की तिथे तो लोकांची कामं करी.

"ॲल्युमिनियमच्या टिकल्या पाडू," तो म्हणाला. "मधे भोक, वर नंबर. पाठीच्या पंखात बारीक तारेने अडकवायच्या. कान टोचल्याएवढं दुखेल."

"तुझा देवीवर विश्वास आहे का रे?"

"आम्ही बौद्ध माणसं, साहेब. देवीबिवी आमच्यात नाही. पण मासे म्हातारे होईपर्यंत जगू द्यावेत, यावर माझा पूर्ण विश्वास आहे."

टिकल्या झाल्या त्या फार सुबक. मापाला अगदी नेमक्या, कारण गायकवाडकडे एक डाय, म्हणजे चकत्या पाडायचा साचा, तयारच होती. एका कारखान्याला हजेरीची टोकन पुरवायचं काम त्याने पूर्वी केलं होतं, तीच ही डाय. त्या काळी प्रत्येक कामगाराकडे असं नंबराचं टोकन असे. गेटवर दिलं की हजेरी लागली. आम्हा दोघांनाही ते मासे आता कामगारांसारखे दिसतील याची मोठी मौज वाटली. पुढे काय वाढून ठेवलंय याची कल्पना एकालाही आली नाही.

वैशाखात, पाणी उतरल्यावर, आम्ही डोहावर गेलो. डोहाच्या गावकऱ्यांनी नारळ फोडला आणि एकच अट घातली: एकही मासा मरता कामा नये. बबनरावाला बोलावलं तर त्याने निरोप पाठवला, डोहात हात सायबानं घालावा, पाप सायबाला लागू दे. बायांनी उथळ जागी लाह्या टाकल्या, महाशीर आले, रोहू आले, आम्ही जुन्या धोतरांची झोळी करून अलगद उचलले. गायकवाड एवढ्या नाजूक हाताने तार ओवत होता की मला त्याच्या बायकोचा हेवा वाटला. एका महाशीराने त्याला शेपटीची अशी सणसणीत थप्पड दिली की चष्मा पाण्यात गेला. तो चष्मा देवीने ठेवून घेतला. मासा एकही मेला नाही.

पाऊसकाळ झाला, नदी भरून वाहिली, ओसरली. मी सोसायटीच्या दारावर सूचना लावली होती: नंबराची खूण असलेला मासा मिळाल्यास खात्यास त्वरित कळविणे बंधनकारक आहे. कुणीही कळवलं नाही.

मी पिंपरीच्या बाजारात जाऊन नदीचा प्रत्येक मासा उलटापालटा करून पाहू लागलो. तिथे निघोज्याची तुळसाबाई बसायची. बबनरावाची चुलत भावजय, नवरा गेल्यावर एकटीने धंदा ओढणारी, आणि जीभ विळीपेक्षा धारदार.

"सायेब, घ्यायचा असंल तर घ्या. नवरी बघाया आल्यागत वर-खाली काय करताय?"

एका रोहूच्या पाठीच्या पंखात मला बारीक जखम दिसली. "हे काय?"

"जाळ्याचं लागलंय," ती म्हणाली आणि मासा माझ्या हातातून काढून घेतला. एरवी ती भाव करताना गिऱ्हाइकाच्या डोळ्याला डोळा भिडवायची. त्या दिवशी ती तराजूकडे पाहत होती. मी एवढा खचलो होतो की माझ्या ध्यानात काही आलं नाही.

आमच्या भागात पोळा भाद्रपदी अमावस्येला असतो. बबनरावाने आमंत्रण दिलं ते असं: "पोळ्याला या. पुरनपोळी खावा, अन् दुसऱ्या दिशी जाळं घेऊन डोहावर." मी गायकवाडला बरोबर घेतलं. एकट्याने हरायला जायची माझ्यात हिंमत नव्हती.

वेशीत बैल आले. शिंगांना बेगड, अंगावर झूल, गळ्यात घुंगरं, हलगी वाजतेय, पोरं नाचतायत. मी माझ्याच दुःखात उभा होतो. गायकवाडने नवा चष्मा नाकावर वर केला आणि माझं मनगट धरलं.

"साहेब, तो पांढरा बैल बघा. कपाळावर."

बैलाच्या कपाळपट्टीला गोंड्यांच्या मधे चकत्या लावल्या होत्या. चालताना त्या वाजत होत्या आणि उन्हात चमकत होत्या.

"छान आहे," मी म्हटलं.

"छान काय? माझ्या आहेत त्या. तो सात बघा. माझा साताचा पंच झिजलाय, शेंडा उठत नाही."

मी बैलाकडे धावलो. सरकारी माणूस पोळ्याच्या मिरवणुकीत बैलाच्या शिंगाला धरून त्याचं कपाळ वाचतोय, हे दृश्य निघोज्यात नंतर बरीच वर्षं सांगितलं जाई. हलगी थांबली. बैलाचा मालक घाबरला. "मला काय म्हाईत न्हाई. तुळसाबाईनं दिल्यात. तिची जाळी माझ्या बांधावर वाळत्यात."

तुळसाबाई गर्दीतून पुढे आली. पदर खोचलेला, पण चेहरा उतरलेला.

"हां, मीच दिल्यात. मग काय करू? नंबराचा माल हाय. कंपनीचा."

"कुठल्या कंपनीचा?"

"ते मला काय ठावं? कंपनी घरं देती, बस देती, क्यांटीनला भाजी लावती, मग मासं पाळना व्हय? पाळल्यात अन् टोकन लावल्यात. माझा भाचा कंपनीत हाय. गेटावर डब्यात नंबराचा साधा नट घावला तर मानूस घरी बसतो. अन् तुमची ती पाटी, कळवा म्हनून. कळवायला मी काय खुळी? मासा इकला, टोकन काढून ठिवलं."

"मग फेकून का नाही दिलं?"

"नदीतून आल्यालं नदीत फेकू? आसरा काय म्हनतील?"

"आणि बैलाला कसं लावलंस?"

ती माझ्याकडे असं पाहू लागली, जणू मीच खुळा. "बैलाची झडती कोन घेतंय?"

गायकवाड मटकन खाली बसला आणि पोट धरून हसू लागला. मला हसावं की तिच्या पाया पडावं ते कळेना. एवढ्यात बबनराव पुढे झाला आणि गरजला, "तुळसे, सोसायटीचा मासा अन् तू लपवून ठिवतीस?"

तुळसाबाईने पदर सोडला. "चेरमनसायेब, तुमच्या नातीच्या पाळण्यावर काय वाजतंय, ते सांगा की सायबाला."

बबनरावाची मिशी खाली आली. सुनेने ते कुठून आणलं, हे त्याने कधी विचारलंच नव्हतं. मी हात जोडून मोठ्याने सांगितलं की ही टोकनं कुठल्याही कंपनीची नाहीत, ती गायकवाडने पाडली, आम्ही डोहातल्या माशांना लावली, आणि कुणावर काहीही होणार नाही. मग एक म्हातारी घरात गेली आणि मिसळणाच्या डब्यातून एक टोकन घेऊन आली. मग दुसऱ्याने करदोट्यातून सोडलं. एकाच्या कोंबडीच्या खुराड्याच्या कडीला होतं, एकीने खिळा मारून देवघराच्या चौकटीला बसवलं होतं. पाळण्यावरचं झुंबर बबनरावाची सून स्वतः घेऊन आली, कडेवर नात रडत होती, कारण तिचं खेळणं गेलं होतं. सगळी टोकनं पांढऱ्या बैलाच्या झुलीवर मांडली. बैल शहाणा, जराही हलला नाही.

बबनरावाने एक चकती उचलून बोटाने तिचा नंबर चाचपला. "म्हंजी," तो हळू आवाजात म्हणाला, "आमी इतकी वरसं डोहाचंच खात व्हतो."

"होय."

"अन् तोच उपसाया निघालो व्हतो."

मी झुलीवरून पाळण्याचं झुंबर उचललं आणि नातीच्या हातात परत दिलं.

पुढचं आत्ताच सांगून टाकतो, कारण शेवट मला दुसऱ्या गोष्टीने करायचा आहे. डोह तसाच राहिला. ठराव झाला तो उलटाच: डोहाच्या खालचं वळणही अंड्यांच्या दिवसांत बंद. सुरुंगवाल्यांच्या मागे आता भोयांची पोरंच धावू लागली, आणि ती माझ्यापेक्षा कितीतरी जोरात धावत. जाळी भरू लागली. एवढी नाही की कुणी माडी बांधावी, पण तुळसाबाईच्या पाटीवर फडकं झाकायला जागा उरत नसे. नंतरच्या वर्षांत पाण्याचा रंगही बदलत गेला. कारखान्यांनी पोरांना पगार दिले आणि नदीला काय दिलं ते नदीकाठी उभं राहिलं की नाकाला कळतं. त्याचा हिशेब माझ्या हातात नव्हता, याची टोचणी अजून आहे. तरी मी शेवटचा गेलो होतो तेव्हा लाह्या टाकल्यावर डोहाचं पाणी उकळलं. हल्ली गावाकडचा माझा पुतण्या विचारतो, काका, राखणदाराच्या खडकाभोवती आता कुणी काही पाळत नाही, काय करावं? त्याला मी ही बैलाची गोष्ट सांगतो.

तर, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी बबनराव जाळं घेऊन दारात उभा.

"सायेब, पयलं जाळं टाकनार म्हनला व्हता. सबूद हाय."

"ते हरलो तर."

"डोहात नगं. डोहाच्या भायर टाका. पर टाकायचं."

डोहाची हद्द संपते त्या दगडाखाली सगळी सोसायटी काठावर जमली. मी पँट गुडघ्यावर दुमडली, जाळं खांद्यावर घेतलं, आणि वडिलांचा हात आठवत फिरवून फेकलं. जाळं बरं पडलं. त्याच्यामागोमाग मीही पडलो. छातीएवढ्या पाण्यातून वर आलो तेव्हा काठावरची माणसं एकमेकांना धरून हसत होती आणि बबनराव डोळे पुशीत होता. जाळ्यात बोटाएवढा एक रोहू होता. टोकन नाही, काही नाही. मी तो हातात धरला. बाहेर आलेला म्हणजे आमच्या कायद्याने माझा होता, पण फार लहान होता. सोडून दिला.

वर आलो तर तुळसाबाईने पांढऱ्या बैलाच्या कपाळावरचं ते मोडक्या साताचं टोकन आणलं होतं. माझ्या भिजलेल्या सदऱ्याच्या खिशात तिने ते टाकलं.

"घ्या सायेब," ती म्हणाली, "आज तुमी कामाला लागला."

निवृत्तीच्या दिवशी मी खात्याच्या सगळ्या वस्तू मोजून परत केल्या. सायकल दिली, टेबलाची किल्ली दिली, शिक्का दिला. टोकन खिशातच राहिलं. दारातून बाहेर पडताना माझी झडती कुणी घेतली नाही.